दिवा लागायच्या आत

परळ, २ ऑगस्ट २०२५

रघुवीर भाऊजी, नमस्कार.

यंदाचा गणपतीचा पाट तुम्ही शाळेत नेऊन दिलात आणि पाटाच्या मागे खडूने स्वतःचं नाव लिहून आलात, हे मला कळलं. म्हणून हे पत्र. कोणाकडून कळलं ते विचारू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि घराण्याच्या ग्रुपवर सगळ्या जगासमोर मी हा विषय काढणार नाही.

गणपतीच्या शाळेत मूर्ती आपल्याच पाटावर घडते, आणि पाटावर ज्याचं नाव त्याची त्या वर्षीची पाळी. एक वर्ष धाकट्याचं, एक वर्ष थोरल्याचं. मागचं वर्ष तुमचं होतं, यंदा आमचं. थोरला भाऊ गेला की त्याच्या घराची पाळीही गेली, असं मामंजी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ते पुष्कळ बोलत. हे बोलले असते तर आठवलं असतं.

पूजेला कोण बसणार, असं तुम्ही विचाराल. आमची श्रेया बसेल. तिला अथर्वशीर्ष तोंडपाठ आहे. तुम्हाला अजून पुस्तक लागतं.

दोघी बायका एवढ्या लांब कशा येणार, असंही तुम्ही म्हणाल. गाडीने येऊ. हेमचंद्रांच्याच गाडीने. होय, तीच, विजेवरची. दोन वर्षांपूर्वी राजापूरच्या अलीकडे तिची बॅटरी संपली आणि आम्ही टोइंगच्या ट्रकमध्ये बसून, गाडी मागे लादून, चतुर्थीच्या सकाळी दारात आलो. तोवर मूर्ती तुम्ही घरी आणली होती. ते बरोबर केलंत. देवाला ताटकळत ठेवता येत नाही. पण भर अंगणात तुम्ही जे बोललात ते बरोबर नव्हतं. "दादा, देवाक हाडूक खेळणा घेवन इलंस काय?" सगळे हसले. हेमचंद्रही हसले. त्यानंतर ते गावी आले नाहीत, तुम्ही परळला आला नाहीत, आणि पुढच्या मार्चमध्ये यायचं-जायचं राहिलंच नाही. त्यांच्या तेराव्याला तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर बसलात आणि पाणीसुद्धा न घेता उठलात.

पाटावरचं नाव बदला. एवढंच काम आहे.

कौसल्या


परळ, ११ ऑगस्ट

रघुवीर भाऊजी, नमस्कार.

पत्राला उत्तर पत्राने द्यायचं असतं. तुम्ही पुण्याला श्रेयाला फोन केलात. तिने तुमचा निरोप तुमच्याच आवाजात ऐकवला: "तुझ्या आवशीक सांग, दिवो लागाच्या आदी दारात पावलात तर पाळी तुमची. नायतर पाटाक मी हात लावतलंय."

मान्य आहे. नियम मामंजींचाच आहे. हरतालिकेच्या संध्याकाळी देवघरात दिवा लागायच्या आत ज्याची पाळी तो उंबऱ्यात हवा. मग त्यानेच नारळ-विडा घेऊन शाळेत जायचं आणि मूर्ती आणायची. आम्ही असू.

श्रेया म्हणते, "आई, गाडीचा हट्ट कशाला? एसटीने जाऊ ना." एसटीने मी केव्हाही जाऊ शकते. पण मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलं आणि नोकरीभर विजेचे मीटर तपासले. ग्राहक तावातावाने यायचा, मीटर पळतो म्हणून. बहुतेक वेळा मीटर बरोबर असायचा. घरात कुठेतरी काहीतरी चालू राहिलेलं असायचं. हेमचंद्रांची गाडी खेळणं होती की तिच्यात काही चालू राहिलं होतं, हे मला बघायचं आहे. ते गेल्यापासून ती खाली झाकून उभी होती. मी कव्हर काढलं, टायरमध्ये हवा भरून घेतली आणि रोज सकाळी फिरवते आहे: परळहून लालबागचा पूल, पुढे फ्रीवे, मग गिरगावावरून चौपाटी, दादरवरून घरी.

सांगितलंच पाहिजे म्हणून सांगते, गाडी चालवायची माझी रीत या गाडीला मानवत नाही. मी जोरात सोडते आणि जोरात थांबवते. जन्मभर तशीच चालवली. या गाडीत तसं केलं की आकडा डोळ्यांदेखत उतरतो. लांबवर लाल सिग्नल दिसला की तेव्हाच पाय उचलायचा. मग गाडी आपोआप मंदावते आणि मंदावताना थोडी वीज परत बॅटरीत भरते. ब्रेकपासून पाय होता होईल तो लांबच ठेवायचा. एसी लावायचाच तर निघण्याआधी, गाडी चार्जिंगला असतानाच आत गारवा करून घ्यायचा. टायर मऊ ठेवायचे नाहीत. आणि वेग एकसारखा. पळायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत.

परवा भायखळ्याला मी असा पाय उचलून सिग्नलकडे निघाले, तर मागचा टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला, "ओ आजी, सिग्नल हिरवा होऊन पिकला, आता तरी चला!" मी घाई केली नाही. माझ्या वेगानेच गेले.

इमारतीत बातमी पसरली आहे. आपली चाळ पाडून टॉवर झाला तरी माणसं तीच आहेत. गावाला कुणी निघालं की ज्याच्या त्याच्या हातात पिशवी. सोसायटीचा सेक्रेटरी गौतम काल दारात उभा. खालच्या चार्जिंगच्या जागेवरून माझ्याशी महिनाभर वाद घातल्यानंतर आता गोड आवाज.

"काकू, फक्त मसाला आहे. आईने लालबागला डंकावर कुटून घेतलाय. कणकवलीला मामा येईल घ्यायला."

"नाही."

"पिशवी केवढीशी आहे, काकू! मांडीवर बसेल."

"मांडीवर श्रेयाचा डबा आहे. आज मसाला, उद्या मखर. मी काही न्यायची नाही."

तो गेला. दार लावून मी आत आले आणि माझ्याच वाक्यावर अडले. त्याबद्दल अजून काही लिहीत नाही. आधी तपासते.

कौसल्या


परळ, १८ ऑगस्ट

रघुवीर भाऊजी,

तपासलं.

त्या वर्षी आम्ही निघण्याआधी तुमचा हेमचंद्रांना फोन आला होता. लालबागच्या कारखान्यात तुम्ही मखर करायला दिलं होतं, लोखंडी पाइपचं, तीन कमानींचं. ट्रान्सपोर्टवाले मोडतील म्हणून "दादा, तू येताच आसस, तर घेवन ये" असं तुम्ही म्हणालात. कारखानदाराने सांगितलं होतं घडीचं आहे. ते घडीचं नव्हतं. ह्यांनी टपावर कॅरिअर बसवून घेतला आणि मधली कमान उभीच्या उभी बांधली, वर प्लास्टिक गुंडाळून. फुटपाथवरून चिवडेवाला म्हणाला, "साहेब, लग्नाचा मंडप निघाला काय?" ह्यांना मजा वाटली.

शनिवारी मी माळ्यावरून तो कॅरिअर काढला. खालच्या गणेश मंडळाची एक जुनी कमान पडून होती, ती गौतमकडून मागून घेतली आणि तशीच उभी बांधली. गौतमला वाटलं माझं डोकं फिरलं. फ्रीवेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, एकाच वेगाने. आधी कमान बांधून, मग काढून. मग खात्री करायला रविवारी पुन्हा. मोकळ्या गाडीला जिथे तीन टक्के लागतात तिथे कमानीसकट साडेचार लागतात. वजनामुळे नाही. वजन थोडंच असतं. वारा. गाडी रस्ताभर वारा फाडत जाते, आणि टपावर उभी कमान म्हणजे शीड.

हिशेब मांडायला तुम्हाला माझी गरज नाही. टपावर काही नसतं तर हेमचंद्र त्या संध्याकाळी दिवा लागायच्या आत, अगदी चहा पिऊन, अंगणात उभे असते. गाडीत दोष नव्हता. चालवणाऱ्यात नव्हता. राजापूरच्या अलीकडे जे संपलं ते तुमच्या मखराने खाल्लं. आणि अंगणात त्याच मखरासमोर उभे राहून तुम्ही त्यांना हसलात.

ट्रकमध्ये मी विचारलं होतं, असं कसं झालं? ते म्हणाले, "असू दे. मखर नीट पोचलं ना." मला तेव्हा वाटलं विषय टाळताहेत. आता वाटतं, त्यांना कळलं होतं.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

कौसल्या


परळ, २२ ऑगस्ट

रघुवीर भाऊजी, नमस्कार.

मंगळवारी पहाटे निघतो आहोत. श्रेया सोमवारी रात्री पुण्याहून येईल. त्याआधी तिला रजा नाही. हे पत्र कदाचित आमच्यानंतर पोचेल.

आज दुसऱ्या कामासाठी पोस्टात गेले होते. सहज विचारलं, सोमवारचं स्पीड पोस्ट थांबवता येतं का. खिडकीतली बाई म्हणाली, "काकी, ते केव्हाच गेलं." ठीक आहे. लिहिलेलं खोटं नाही.

रखमाला सांगा, तिची जाऊ तांदळाचं पीठ घेऊन येते आहे. बाकी काही आणत नाही.

कौसल्या


परळ, ४ सप्टेंबर

रघुवीर भाऊजी, सप्रेम नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोचलो. वाटेत दोनदा थांबून चार्जिंग केलं. दोन्ही वेळा थोडं-थोडं, आणि पळत पळत आलो. हे येताना सुचलं. जाताना सुचलं नव्हतं, आणि जाताना काय झालं ते मी तुम्हाला तोंडाने सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, "रस्त्यात गर्दी होती." ते पूर्ण खरं नव्हतं.

गर्दी महाडपर्यंत होती. तिथे हॉटेलच्या आवारात चार्जर होता आणि आमच्या पुढे रांग. आमचा नंबर लागला. या गाड्यांचं असं असतं की बॅटरी ऐंशीपर्यंत भरभर भरते आणि शेवटचा हिस्सा थेंबाथेंबाने. तेवढ्यालाच जवळजवळ तितकाच वेळ जातो. शहाण्या माणसाने ऐंशीवर काढावं, पुढे चिपळूण-संगमेश्वरकडे पुन्हा थोडं भरावं. हे मला माहीत होतं. पण मनात राजापूर होतं. मी ठरवलं की इथेच शंभर करायचे आणि मग कुठेही न थांबता थेट घरी.

मागे एक गृहस्थ होते. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली मूर्ती, तोंडावर रुमाल. ऐंशी झाल्यावर ते काचेपाशी आले.

"मावशी, झालं की हो. काढता का? बाप्पा ताटकळलेत."

"शंभर झाले की काढते."

"शंभर कशाला? बाप्पाला लंडनला न्यायचाय का?"

त्यांची बायको गाडीतून म्हणाली, "अहो, राहू द्या. त्यांना शंभरच लागतात, चेहऱ्यावर दिसतंय."

श्रेया हसली. मी हसले नाही, आणि केबल काढली नाही. हेमचंद्रांनी काढली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिथून पुढे मी जी गाडी चालवली ती तुम्ही बघायला हवी होती. एसी बंद, खिडक्या बोटभर उघड्या. घाटात ट्रकच्या मागे. सपाटीलाही ट्रकच्या मागे. श्रेया घामाने भिजलेली. सुरुवातीला ती थट्टा करत होती. "आई, त्या सायकलवाल्याने आपल्याला हात केला. ओळखीचा आहे का?" मग म्हणाली, "मी चालवते थोडा वेळ." मी म्हटलं, "तू पळवतेस." संगमेश्वर गेलं. लांजा गेलं. पडद्यावर गाडी सांगत होती की घरी पोचून पुष्कळ उरेल. माझा विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वीही ती काहीतरी सांगतच होती.

राजापूरच्या अलीकडे ती जागा आली. डाव्या हाताला काजूची बाग आणि पत्र्याची शेड, जिथे आम्ही ट्रकची वाट पाहत बसलो होतो. श्रेयाला ती जागा माहीत नव्हती. मी गाडी न थांबवता पुढे गेले. आकडा निम्म्यापेक्षा वर होता. तेव्हा तरी पाय दाबायला हवा होता. मी दाबला नाही. आता खरंच पोचणार असं दिसायला लागलं की माणूस आणखी जपून वागतो, त्यातला प्रकार.

श्रेया म्हणाली, "आई, सूर्य बघ."

मी म्हटलं, "बॅटरी बघ."

ती म्हणाली, "बॅटरी आहे गं! वेळ नाहीये!"

महामार्ग सोडून आपल्या फाट्याला वळलो तेव्हा अंधार पडला होता. मग कातळाच्या सड्यावरून गावाकडे उतार लागला. उताराला पाय उचलला की ही गाडी वीज परत भरते. उशीर होत होता आणि आकडा वाढत होता. एकाने वाढला, मग आणखी एकाने. मला त्या आकड्याची लाज वाटली. वाटेतल्या प्रत्येक घरात दिवा लागलेला. कुणाच्या ओटीवर ट्यूबलाइट, कुणाकडे टीव्ही. मला ठाऊक होतं की पाळी गेली. ती मीच घालवली. कोणाचं मखर नाही, कोणाचं बोलणं नाही. साठवता साठवता.

श्रेया शेवटच्या वळणावर म्हणाली, "आपलं घर कुठेय?"

कारण ते दिसत नव्हतं. ओटीवर दिवा नाही, आत नाही, तुळशीपाशी नाही. शेजारी विजेचे दिवे होते, म्हणजे वीज होती. मला वाटलं तुम्ही कुलूप लावून शाळेत गेलात, मूर्ती आणायला. मग गाडीचे दिवे अंगणावर फिरले आणि ओटीच्या कठड्यावर तुम्ही बसलेले दिसलात, उघड्या अंगाने, हाताने डास मारत.

तुम्ही डोळ्यांवर हात धरून म्हणालात, "त्यो लाईट बंद करा आदी."

मी दिवे बंद केले. मला पायरी दिसेना. श्रेयाने हात धरला. उंबऱ्यापर्यंत आम्ही चाचपडत आलो आणि मी विचारलं, "दिवा?"

"वाती गावत नाय हत," तुम्ही म्हणालात.

आतून, अंधारातून, रखमाने तोंडाला पदर लावून हसल्यासारखा आवाज केला. तुम्ही आत बघून म्हणालात, "आता बघ गे, गावतत काय." आणि लगेच काडी ओढल्याचा आवाज आला.

नंतर स्वयंपाकघरात तिने मला सांगितलं. आता मी नाव लिहिते, कारण तुम्हाला सगळं ठाऊकच आहे; पाटाबद्दलचा पहिला फोनही तिचाच होता. ती म्हणाली, "वाती दुपारीच वळून ताटात ठेवलंय. सांजेपास्ना असे बसलेत. माका चूलय पेटवूक दिली नाय. पोरांनी बल्ब लावलो, तर उठान बंद केल्यानी. शेजारी विचारूक इले, तर म्हणतत, वायर जळली." मी विचारलं, "माझं पत्र?" ती म्हणाली, "ता काय म्हायत नाय. वाचल्यानी, नि मगे दोन दिस गोठ्यात कायतरी ठोकीत होते."

गोठ्यात काय होतं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. कमानी कापून तुम्ही गुरांच्या वैरणीसाठी मांडव केला आहे. चांगला झाला आहे. देवावर यंदा मखर नव्हतं, वर टांगलेली रानफळांची-रानफुलांची माटवी तेवढी. मी काही विचारलं नाही, तरी तुम्ही आपण होऊन म्हणालात, "लोखंडाक गंज इलेलो." बरं.

त्या रात्री शाळेत आपण तिघे चालत गेलो. गाडीच्या बॅटरीबद्दल तुम्ही विचारलंत, "किती उरला?"

"अडतीस टक्के."

तुम्ही वाटेत थांबलात. "मगे इतक्या हळू कित्याक इलात?"

याचं उत्तर मी दिलं नाही. वर दिलं आहे.

शाळेत मूर्तिकाराने पाट पुढे सरकवला. मागे नाव तुमचंच होतं. तुम्ही बदललं नव्हतं. माझं तोंड उघडणार होतं. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल मूर्तिकाराच्या बादलीत बुडवलात, नाव पुसलंत आणि खडू माझ्यापुढे धरलात. मला वाटतं तुम्हाला वाटलं की मी हेमचंद्रांचं नाव लिहीन. मलाही तसंच वाटलं होतं, हात वर करेपर्यंत. मी "श्रेया" लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि मूर्तिकाराला म्हणालात, "चेडवाची पाळी आसा. पाट तिच्या डोक्यार द्या." ती घाबरली. "काका, पडला तर?" तुम्ही म्हणालात, "मी मागे आसंय. चल."

एवढ्या दिवसांत आपण त्या पत्राबद्दल एक शब्द बोललो नाही. मीही काढलं नाही. त्यातलं वाऱ्याचं गणित बरोबर आहे, ते मी मागे घेत नाही. पण "त्याच मखरासमोर उभे राहून हसलात" हे वाक्य गणितात बसत नाही. ते तुम्ही खोडून टाका. पत्र फेकलं असेल तर प्रश्न नाही.

महाडच्या त्या गृहस्थांची गाठ परत पडणं कठीण. येताना मी तिथे ऐंशीच्याही आधी केबल काढली. मागे कोणी नव्हतं.

आता पाळीचं. पुढलं वर्ष तुमचं. रिवाजाप्रमाणे विसर्जनानंतर जे सामान तुमच्या ताब्यात दिलं त्याची नोंद खाली करते. मामंजी असते तर तुमची सही घेतली असती, मी घेत नाही.

पितळी समया, जोडी. उजवीची एक वात-जागा चेपलेली आहे, ती आधीपासून.

तांब्याचं ताम्हण, पंचपात्र, पळी.

घंटा. लोलक सैल होता, श्रेयाने तार घालून बसवला.

माटवीची लाकडी चौकट, दोऱ्यांसकट.

मोठं मोदकपात्र. रखमाकडे.

पाट. धुऊन, उन्हात वाळवून. नाव पाण्यात गेलं.

देवघराची किल्ली.

गाडीची किल्ली. ही पाळीच्या सामानात येत नाही, पण दिली गेली म्हणून लिहिते. विसर्जनाहून परतताना नदीकाठी तुम्ही विचारलंत, "हिचो आवाज खंय आसा? ही चालू आसा की बंद?" आणि हात पुढे केलात. ओल्या धोतरानेच बसलात. गावच्या वेशीपर्यंत पळवलीत, देवळाला वळसा घातलात, तिथे ब्रेक करकचून दाबलात, आणि किल्ली मला परत दिलीत. मिळाली. पुढची सीट परळला येईपर्यंत वाळली नाही.

कौसल्या वहिनी